ठासणीची बंदूक आणि हंडाभर कढत पाणी

आमच्या सासरच्या घरी बंदूक आहे, असं सांगितलं की शहरातल्या मैत्रिणींचे डोळे विस्फारतात. कुणाला चंबळचं खोरं आठवतं, कुणाला हिंदी सिनेमातली हवेली. ‘अगंबाई, भीती नाही वाटत?’ हा प्रश्न तर ठरलेलाच. मला मात्र बंदूक म्हटलं की आधी आठवतो तो चुलीवरचा हंडा, चौकोनी फाडलेल्या जुन्या धोतराच्या चिंध्या आणि कुजक्या अंड्यासारखा येणारा तो विचित्र वास. कारण माझ्या चाळीस वर्षांच्या संसारात ती बंदूक उडताना मी मोजक्या वेळा ऐकली, पण साफ होताना असंख्य वेळा पाहिली. निम्म्याहून अधिक वेळा पाणी तापवायचं काम माझंच होतं.

आमचं घर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीत. मागे डोंगर, पुढे भाताचे मळे, कडेला माड आणि सुपारी. भात लोंबीला आलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत कुणग्याच्या कुणग्याची नासाडी होते. सुरण, रताळी उकरली जातात. माकडं कोवळे नारळ पाडतात ते वेगळंच. अशा राखणीसाठी कोकणात पूर्वापार ठासणीची बंदूक वापरली जाते. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि परवानगीवाचून रानातलं जनावर मारणं गुन्हा ठरलं. तेव्हापासून आमच्याकडे बंदुकीचं काम एकच, आवाज करायचा. दारू भरायची, वर काथ्याचा बोळा ठासायचा आणि आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. डोंगर घुमतो आणि डुकरं पळतात.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. हिच्यात काडतूस नसतं. दारू, बोळा, छर्रे हे सगळं नळीच्या तोंडातून आत घालायचं आणि लांब गजाने ठासून बसवायचं. मागच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे ‘भाऊ’ म्हणायचो, त्या छिद्राला बंदुकीचा ‘कान’ म्हणत. त्या कानावर तांब्याची इवलीशी टोपी, म्हणजे केप बसवतात. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी कानातून आत जाते आणि बार उडतो. हा गज आमच्याकडे लोखंडाचा नव्हता, लाकडाचाही म्हणता येणार नाही. तो होता माणग्याचा. माणगा हा आपल्या कोकणातला भरीव बांबू. भाऊंनी तो स्वतः निवडून, पेरं तासून, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केला होता.

तेलाने मीठ जात नाही

लग्न होऊन आले त्या वर्षीची, म्हणजे १९८४ ची गोष्ट. भाऊंनी मला हाक मारली आणि म्हणाले, ‘‘सूनबाई, हंडाभर पाणी ठेवा. चांगलं कढत हवं, कोमट नको.’’ मला वाटलं आंघोळीला असेल. पाहते तर पडवीत बंदुकीची नळी दस्त्यापासून सुटी करून ठेवलेली. बंदूक लोखंडाची आणि तिला पाणी? आमच्या माहेरी तर शिवणयंत्राला पाण्याचा थेंब लागू देत नसत. मी तसं विचारल्यावर भाऊ हसले. म्हणाले, ‘‘लोणच्याच्या बरणीला लागलेलं मीठ तुम्ही तेलाने धुता की पाण्याने?’’

एवढ्या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं होतं, हे मला पुढे कळलं. बंदुकीची काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची बनते. ती जळते तेव्हा सगळी धूर होऊन जात नाही. निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. काही धुराबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा काजळी होऊन नळीला चिकटतो. या काजळीत क्षार असतात. त्यातला एक तर आपल्या चुलीच्या राखेत असतो तोच. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात आणि लोखंड खायला लागतात. कोकणातल्या पावसाळी हवेत तर एका रात्रीत नळीत तांबडा गंज दिसतो. रॉकेल किंवा तेल कितीही ओता, हे क्षार त्यात विरघळत नाहीत. वरून नळी चकचकीत दिसते आणि तेलाच्या थराखाली गंज आपलं काम करत राहतो. क्षाराला पाणीच हवं.

भाऊंची पद्धत ठरलेली होती. आधी साध्या पाण्याने काजळी भिजवायची. मग नळीचं कानाकडचं टोक बादलीत बुडवायचं. गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून तो तोंडातून आत सोडायचा आणि वर-खाली करायचा. गज वर ओढला की कानातून पाणी आत खेचलं जातं, खाली दाबला की काळं होऊन बाहेर फेकलं जातं. थेट रंगपंचमीची पिचकारी! मुलं भोवती कोंडाळं करून बसत आणि तो गंधकाचा वास आला की नाक दाबून एकमेकांवर आळ घेत. दोन-तीनदा पाणी बदलून ते निवळ यायला लागलं, की शेवटी माझ्या हंड्यातलं कढत पाणी. ते कढत का हवं, तर त्याने नळी इतकी तापते की आतली ओल आपोआप वाळून जाते. कोमट पाणी लोखंडाला नुसतं भिजवून ठेवतं.

त्यानंतर कोरड्या चिंध्या. एक आत घालायची, बाहेर काढून उजेडात पाहायची. काळी, मग राखाडी, मग मळकट आणि शेवटी पांढरी. पांढरी आल्याशिवाय भाऊ उठत नसत. चिंधी जुन्या सुती धोतराचीच हवी, कारण ती मऊ असते आणि पाणी टिपते. ती फार जाडही नको, नाहीतर आत अडकते. मग तेलाचा हात. पूर्वी आमच्याकडे खोबरेल लावत, पण ते थंडीत थिजतं आणि दिवस गेले की चिकट होतं. पुढे भाऊंनी शिवणयंत्राचं तेल सुरू केलं. तेही अगदी पुसट. जास्त झालं तर ते ओघळून नळीच्या बुडाशी आणि कानात साचतं, पुढची दारू ओली करतं आणि ऐन वेळी बार फुसका जातो. म्हणून तेल लावल्यावर बंदूक तोंड खाली करून ठेवायची. शेवटचं आणि सगळ्यांत कंटाळवाणं काम म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी फिरवायची. ती तांबूस आली तर समजायचं, कुठेतरी क्षार राहिला. मग पुन्हा हंडा चुलीवर!

गज वेताचा नव्हे, शिस्तीचा

गज बांबूचाच का, हे मी एकदा विचारलं होतं. भाऊ म्हणाले, ‘‘लोखंडाने लोखंड घासतं, बांबू घासत नाही.’’ नळीचं तोंड झिजलं की बंदूक कामातून जाते. लाकडी गज नळीला ओरखडे काढत नाही. पण त्याचे दोन धोके आहेत. लाकूड मऊ, म्हणून त्यात रेतीचा कण रुतून बसतो आणि मग तोच गज कानशीसारखा नळी घासत राहतो. त्यासाठी दर खेपेला गज ओल्या फडक्याने पुसायचा, वाळवायचा, अधूनमधून तेलाचा हात द्यायचा. पाण्यात तो भिजत ठेवायचा नाही, नाहीतर फुगतो आणि नळीत अडकतो.

दुसरा धोका मोठा. लाकूड मोडतं. घाईने, लांबून धरून जोर लावला की गज मधेच वाकतो, तडकतो आणि त्याची अणकुचीदार फाक थेट तळहातात शिरते. म्हणून भाऊ गज नळीच्या तोंडापासून फक्त वीतभर अंतरावर धरत. वीतभर आत सारायचा, हात वर घ्यायचा, पुन्हा वीतभर. तळहात कधी गजाच्या टोकावर ठेवायचा नाही आणि चेहरा कधी नळीच्या तोंडावर आणायचा नाही. भरीव माणग्याचे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात, म्हणून तो लवतो पण सहसा मोडत नाही. तरीही दर वेळी भाऊ त्याच्यावरून बोट फिरवून तडा गेला आहे का ते पाहत.

लाकडी गजाचं हे मोडणं सैन्यांनाही छळत होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या सैन्याने लाकडी गज टाकून लोखंडी गज घेतले, कारण लढाईच्या धामधुमीत लाकडी गज मोडला की शिपायाच्या हातात नुसती काठी उरायची. पुढे इतर सैन्यांनीही तेच केलं. रणांगणावर घाई असते, तिथे ते ठीक. आमच्या पडवीत घाईचं काम नव्हतं. गज सावकाश चालवावा लागतो हाच त्याचा गुण, असं भाऊ म्हणत.

आणि या गजाचा सगळ्यांत मोठा उपयोग साफसफाईचा नव्हताच. त्यावर भाऊंनी चाकूने एक खाच कोरली होती. नळी रिकामी असेल तर गज बुडापर्यंत जातो आणि ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते. आत काही भरलेलं असेल तर खाच तेवढी वर राहते. आवाजही वेगळा. रिकाम्या नळीत गज बुडावर ‘टक्’ वाजतो, भरलेल्या नळीत बोळ्यावर ‘धप्’ करतो. बंदूक खुंटीवरून काढली की पहिलं काम केप आहे का ते पाहायचं आणि दुसरं, गज आत सोडायचा. मग बाकीचं.

ती चार बोटं

१९९१ सालचं भात कापून झालं होतं. त्या हंगामात राखणीला भाऊंबरोबर माझे एक चुलत सासरे जात. परवान्यावर राखणदार म्हणून त्यांचं नाव होतं. शेवटच्या रात्री भाऊंना ताप होता, म्हणून ते एकटेच गेले आणि पहाटे परत येऊन त्यांनी बंदूक नेहमीच्या खुंटीवर अडकवली. माजघरातली ती खुंटी. तिच्याखालीच आमचा सहा वर्षांचा मुलगा आजीजवळ झोपायचा. केप काढलेली होती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की बंदूक रिकामी आहे. आठ दिवस ती तशीच होती. पाहुणे येऊन गेले. एकाने हौसेने ती खांद्याला लावूनही पाहिली.

भाऊंना बरं वाटल्यावर त्यांनी मला हंडा ठेवायला सांगितला. मी पाणी घेऊन पडवीत आले तेव्हा ते काही न बोलता बसले होते. गज नळीत होता आणि खाच तोंडापासून चार बोटं वर! मला अर्थ कळायला क्षणभर लागला आणि मग हातातला हंडा कधी खाली ठेवला ते आठवत नाही.

भाऊंनी मुलांना मागच्या परसात पाठवलं. बंदुकीचं तोंड गडग्याकडे केलं. आधी कानातून आणि तोंडातून पाणी ओतून दारू भिजवली आणि तशीच बराच वेळ ठेवली. भिजलेली दारू पेट घेत नाही. मग गजाच्या टोकाला लोखंडी पेच बसवून, नारळाच्या दोरीसारखा पिळत पिळत तो काथ्याचा बोळा ओढून काढला. मागोमाग काळा चिखल आला. त्यात छर्रेही होते. आवाजापुरती म्हणून भरलेली ती बंदूक नव्हती. डुक्कर अगदी जवळ आलं म्हणून चुलत सासऱ्यांनी भरली असेल आणि बार काढायची वेळ आली नसेल. ते आल्यावर भाऊंनी त्यांना ना दोष दिला, ना आवाज चढवला. फक्त तो ओला बोळा आणि छर्रे एका द्रोणात घालून त्यांच्यासमोर ठेवले. ते बराच वेळ द्रोणाकडे पाहत राहिले. त्यानंतर त्यांनी बंदुकीला हात लावला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन नियम झाले. बंदूक माजघरातून उठली आणि कुलपाच्या लाकडी पेटीत गेली. केपा आणि दारू वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. आणि दुसरा नियम असा की बंदूक परत आली की त्याच दिवशी साफ झालीच पाहिजे. मध्यरात्र झाली तरी. कारण साफ करायला घेतली की गज आत जातोच, आणि गज आत गेला की आतलं गुपित बाहेर येतं.

पूजा आणि पुसणं

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते. आमच्याकडे कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या रांगेत बंदूकही असते. पण भाऊ आदल्या दिवशी सगळ्यांना घासायला बसवत. गंजलेल्या कोयत्याला फूल वाहिलेलं त्यांना चालत नसे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातही असाच सण आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘कैलपोद’ला कोडवा लोक बंदुका आणि कोयते साफ करून, फुलांनी सजवून पूजतात. त्यांची खास फुलं म्हणजे आपली कळलावी. त्या समाजाला बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजी अमदानीपासून सूट आहे आणि केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. दोन्हीकडची रीत सारखीच, आधी पुसणं आणि मग पुजणं.

या काजळीने आपल्या इतिहासातही भाग घेतला आहे. १८५७ च्या उठावाआधी शिपायांना दिलेली एन्फिल्ड रायफल ठासणीचीच होती. गोळी काजळीने माखलेल्या नळीत सहज उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलेलं असे. ते गाई-डुकराच्या चरबीचं आहे, ही बातमी पसरली आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. नंतर शिपायांनी मेण-तुपासारखं आपल्या पसंतीचं वंगण लावावं, अशी मुभा देण्यात आली. पण तोवर विश्वास उडून गेला होता.

आता प्रश्न आमचा

भाऊ २००६ मध्ये गेले. वारसांनी रीतसर अर्ज करून परवाना ‘यांच्या’ नावावर झाला. निवडणुका आल्या की आचारसंहितेच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, परत आली की पुन्हा हंडा ठेवायचा, हे आम्ही दोघांनी सांभाळलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षं झाली. आता ती मुदत संपत आली आहे. यांचे गुडघे दुखतात. पडवीत उकिडवं बसून तासभर गज चालवणं त्यांना झेपत नाही. गेली दोन वर्षं गज मीच धरते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

खुंटीखाली झोपणारा आमचा तो मुलगा आज चाळिशीला टेकला आहे, ठाण्याला नोकरी करतो. परवा म्हणाला, ‘‘आई, आजोबांची आठवण आहे. परवाना माझ्या नावावर करून घेऊ. हॉलच्या भिंतीवर किती छान दिसेल!’’ त्याला दोन लहान मुली आहेत. मी त्याला म्हटलं, ‘‘आठवण ठेवायची तर भाऊंची सगळीच ठेव. दर पावसाळ्यात चार वेळा चिंधी फिरवशील? पाणी तापवशील? कुणी हात लावून ठेवली की आधी गज आत घालून बघशील?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘तेल मारून ठेवली की झालं ना?’’

तेवढ्यात माझं उत्तर ठरलं. यांच्याशीही बोलले. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले की नूतनीकरण नको, बंदूक सरकारजमा करू. भाताच्या राखणीला आता कुंपण आणि फटाके आहेत. तेवढ्याने सगळं भागतं असं नाही, पण बंदूक नावापुरती घरात ठेवण्यापेक्षा चार पेंढ्या डुकरांनी नेलेल्या परवडल्या.

वाईट वाटतं, नाही कसं म्हणू? पण घरातली धोक्याची वस्तू सुरक्षित राहते ती कुलपाने अर्धी आणि तिची निगा राखणाऱ्या हाताने अर्धी. गॅसची नळी असो, विजेचा पंप असो की ठासणीची बंदूक असो, जो ती दर वेळी उघडून, पुसून, तपासून पाहतो त्याच्याच घरात ती शोभते. तो हात थकला आणि दुसरा तयार झाला नाही, की त्या वस्तूला सन्मानाने निरोप द्यावा.

द्यायच्या आदल्या दिवशी मात्र ती स्वच्छ करूनच द्यायची, असं आम्ही ठरवलं आहे. मुलालाही बोलावलं आहे. यंदा गज त्याने धरायचा आणि पांढरी चिंधी बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. पाणी मी तापवीन.